पहिले दिवस परमुलखातले

आमच्या शेजारची मुलगी गेल्या वर्षी नर्स म्हणून जर्मनीला गेली. सगळ्या ओव्याने तिला निरोप दिला, ओटी भरली, लाडू बांधून दिले. तिसऱ्याच दिवशी तिच्या आईने फोन माझ्या हातात आणून दिला. "तुम्हीच समजवा हो हिला." पलीकडून नुसतं मुसमुसणं! मग म्हणाली, "काकू, एवढा क्लास लावला, परीक्षा पास झाले, पण इथले आजी-आजोबा बोलतात ते क्लासमधलं जर्मनच नाही. मुकी झाल्यासारखं वाटतंय." मी तरी काय समजावणार? मला पुण्याला बहिणीकडे दोन दिवस राहायचं झालं तरी माझं चित्त घरी. "होईल गं सवय," एवढंच बोलले.

पण त्या दिवसापासून एक बाई मनात घोळत राहिली. बी. ए. ला इतिहास होता, तेव्हा ती एका ओळीत भेटली होती. सावित्रीबाई फुल्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले, इतकीच ओळ. परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. ही फरार कोण, आपल्या मुलखात आली कशी, हे विचारायचं सुचलंच नाही.

सिंथिया फरार. जन्म १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या एका गावात. पेशाने शिक्षिका, लग्न केलेलं नाही. जून १८२७ मध्ये तिने बॉस्टनहून जहाज धरलं आणि डिसेंबरअखेरीस मुंबईत उतरली. म्हणजे बघा, सहा महिने! सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस-बेचाळीस वर्षं होती. शिडाचं जहाज सगळी आफ्रिका वळसा घालून यायचं. घरी पत्र लिहिलं तर उत्तर यायला वर्ष जायचं. आमच्या मुलीचा निदान व्हिडिओ कॉल तरी लागतो. शेजारणी घोळक्याने बघतात आणि "वाळलीस गं" म्हणतात.

तिला बोलावणं का आलं, तेही सांगण्याजोगं आहे. अमेरिकन मिशनची मंडळी मुंबईत १८१३ सालापासून होती. सुरुवातीला कंपनी सरकार त्यांना इथे राहूच देत नव्हतं. कलकत्त्याहून हाकललेल्यांत हॅरिएट न्यूवेल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. जहाजावरच बाळंत झाली, बाळ गेलं, आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. परमुलखातले तिचे पहिले दिवस तेच शेवटचे ठरले. पुढे १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पण ती बघायची कुणी? मिशनऱ्यांच्या बायकांनी. त्यांच्या मागे संसार, बाळंतपणं, त्यात इथला ताप. शाळेचंच काम करणारी बाई हवी होती. एकट्या, बिनलग्नाच्या बाईला इतक्या लांब धाडायला तिकडची मंडळी तेव्हा सहसा तयार नसत. तरी सिंथियाबाई आल्या. वय बत्तीस.

आल्या शिकवायला, पण आधी स्वतःलाच बाराखडी गिरवायची होती. पंडित ठेवून मराठी शिकायची ही मिशनची रीतच होती. पाठोपाठ फेब्रुवारी १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मार्गारेट विल्सन आल्या, ज्यांच्या नवऱ्याच्या नावाचं चौपाटीवर कॉलेज आहे त्या. हे जोडपं पहिले काही महिने मराठी शिकायला जाऊन राहिलं ते चक्क आपल्या कोकणात, हर्णैला! मला आपलं वाटतं, पुस्तकातलं मराठी आणि हर्णैच्या कोळणीचं मराठी यात आमच्या मुलीच्या जर्मनइतकंच अंतर पडलं असणार. या मार्गारेटबाईंनीही मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये, जेमतेम चाळिशीत, इथेच देह ठेवला.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिते. या बायका निव्वळ अक्षरओळख करून द्यायला आल्या नव्हत्या. आपला धर्म सांगायला आल्या होत्या आणि शाळा हा त्याचाच रस्ता होता. शाळेत येशूच्या गोष्टी वाचून घेत. आईबापांच्या मनात भीती होती, आणि ती काही वेड्यासारखी नव्हती. १८३९ मध्ये विल्सनसाहेबांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला, लोकांनी पोरं काढून घेतली. शिकवायला येणारीचा हेतू काय, हे आईबाप विचारणारच.

मलाही विचारतात. खारघर-तळोज्याकडे बांधकामावर आलेल्या कुटुंबांत आम्ही चारजणी मुलींना शाळेत घाला म्हणून सांगत फिरतो. पहिल्या आठवड्यात एकीने दारातच अडवलं. "ताई, यात तुमचं काय?" मला इतका राग आला! घरी येऊन भांडी आपटली. तीनदा गेले तेव्हा चहा मिळाला, आणि मुलगी शाळेत गेली ती दिवाळीनंतर. तीही मधे धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसली होतीच.

सिंथियाबाईंना मात्र १८२९ पर्यंत चारशेच्या वर मुली मिळाल्या होत्या. पोरगी शिकली की विधवा होते असं मानणाऱ्या त्या काळात! हे कसं साधलं याचं मला फार कुतूहल आहे. एक कारण दिसतं ते असं, की मिशनच्या शाळांत शिकवायला बहुधा इथलेच पंतोजी असत. माणूस ओळखीचा, भाषा ओळखीची. बाई देखरेख करणार.

प्रकृती बिघडली म्हणून १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. चाळिशी उलटलेली, तिकडेच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८३९ मध्ये परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेल्या. तेव्हा मुंबईहून देशावर जाणारे लोक होडीने पनवेल बंदरात उतरत आणि बोरघाट चढत. आमच्या ओव्यापासून हाकेच्या अंतरावरून त्यांची बैलगाडी गेली असेल का, हा विचार मला फार आवडतो. नगरची त्यांची शाळा जोतिरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईही त्यांच्याकडे शिकल्या. बाई १८६२ च्या जानेवारीत नगरलाच वारल्या.

परवा जर्मनीहून फोन आला. मी सिंथियाबाईंची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर मुलगी म्हणाली, "काकू, नंतर हं, माझी ड्युटी आहे. आणि माझी एक आजी आहे ना, ती मला रोज चार शब्द शिकवते, चुकलं की ओरडते." मागून कुणीतरी खणखणीत आवाजात काहीतरी म्हणालं. मला काही कळलं नाही. तिला कळलं. ती हसली आणि फोन ठेवला.