‘डोकं चालत नाही’ म्हणण्याआधी

तायांनो, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची एक मागणी ठरलेली असते, मुलांच्या शिकवणीची. मागणी मांडताना आई जरा खाली बघूनच बोलते. “पोरगी पाचवीत गेली, पण धड वाचता येत न्हाई. डोकंच चालत न्हाई तिचं.” लगेच कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, “मग कशाला पैसं घालतीस? सातवीपर्यंत बघ, नाहीतर घरी बसव.” ठराव-वहीत हे बोलणं लिहिलं जात नाही. पण कितीतरी मुलींचं पुढचं आयुष्य त्याच बोलण्यात ठरून जातं.

म्हणून या अंकात हे ‘डोकं चालणं’ म्हणजे नक्की काय, ते बघू.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मेंदू म्हणजे एकच मोटार नाही, की चालू तर चालू, बंद तर बंद. बोललेलं समजणं, आपण बोलणं, वाचणं, हिशेब करणं, लक्ष धरून ठेवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही वेगवेगळी कामं आहेत. मेंदूचे वेगवेगळे भाग ती एकमेकांशी जोडून करतात. पॅरिसचा डॉक्टर पॉल ब्रोका याने १८६१ साली एक रोगी दाखवला होता. त्याला दुसऱ्याचं बोलणं बरंचसं समजायचं, पण तोंडातून एकच अक्षर निघायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट प्रकार सांगितला. हे रोगी भडाभडा बोलायचे, पण बोलण्याला अर्थ नसायचा आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना उमगायचं नाही. त्यांच्या मेंदूत बिघाड होता तो कानाच्या जवळच्या भागात. म्हणजे बोलणं आणि समजणं या एका घरातल्या दोन खोल्या आहेत. एकीत अंधार असला म्हणून दुसरीत दिवा नसतो असं नाही. (घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली, तर ‘यांना आता काही कळत नाही’ असं धरून त्यांच्यासमोर वाटेल ते बोलू नका. बऱ्याचदा त्यांना कळत असतं.)

आता वाचनाकडे येऊ. बोलणं मूल आपोआप शिकतं. आपण काही तान्ह्या बाळाला ‘अ’ कसा म्हणायचा ते शिकवत बसत नाही. माणूस हजारो पिढ्या बोलत आलाय. लिहिणं-वाचणं मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचं, आणि तेही आत्ताआत्तापर्यंत मूठभर लोकांपुरतं. त्यामुळे मेंदूत वाचनासाठी म्हणून जन्मापासून राखून ठेवलेली जागा नाही. डोळ्यांनी वस्तू आणि चेहरे ओळखणारा जो भाग आहे, त्यातलाच एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांसाठी तयार होतो. मग तो आवाज ओळखणाऱ्या भागाशी जोडला जातो. ही जोडणी प्रत्येकाला नव्यानेच करावी लागते. कुणाची सहा महिन्यांत होते, कुणाला चार वर्षं लागतात.

आपली देवनागरी तशी सरळ, जसं लिहिलं तसं वाचायचं. तरी तिच्यातही खाचखळगे आहेत. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, पुढे काना. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. पण लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी ऐकू येतो, पण लिहिताना तो ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. घ आणि ध, भ आणि म, ड आणि इ, प आणि ष हे तर जुळे भाऊच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी देवनागरी वाचणाऱ्यांचे मेंदू यंत्राखाली तपासले. त्यात डाव्या बाजूच्या जोडीने उजवी बाजूही काम करताना दिसली. अक्षराच्या चारही बाजूंना नजर फिरवावी लागते, त्याचा हा परिणाम असावा असं त्यांचं म्हणणं आहे.

काही मुलांची ही जोडणी फार हळू होते. बुद्धी चांगली, कान-डोळे ठीक, शाळाही नेमाने, तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ पडत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात, मराठीत वाचन-अक्षमता. शंभर मुलांत साधारण पाच ते दहा मुलांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास असतो, आणि घराण्यात पुढे चालत येतो. लोकांना वाटतं, अशा मुलांना अक्षरं उलटी दिसतात. तसं नाही. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं उलटसुलट लिहितात, पुढे ते जातं. खरी अडचण बहुतेकदा आवाजाची असते. शब्दाचे तुकडे वेगळे ऐकणं त्यांना जड जातं. घरी करून बघा. भाकरी थापता थापता विचारा, “‘कोळवण’मधून ‘को’ काढला तर काय राहिलं?” दुसरी-तिसरीतलं मूल थोडा विचार करून ‘ळवण’ सांगेल. या मुलांना तिथेच अडायला होतं. एवढ्यावरून निदान होत नाही हं, पण आपल्याला अंदाज येतो.

मराठीत अशी मुलं कधीकधी ओळखूही येत नाहीत. लिपी सरळ असल्याने ती अडखळत का होईना, बरोबर वाचतात. पण इतकी हळू की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. फळ्यावरचं उतरवून घेण्यात ती मागे पडतात. गणित तोंडी विचारलं तर येतं, तेच गणित वाचून करायचं म्हटलं की चुकतं. आणि ‘ह्याला मराठी जमंना, इंग्लिश मीडियमला टाकू’ असा विचार कुणी करत असेल, तर माझं स्पष्ट मत, टाकू नका. इंग्रजीत लिहिणं एक आणि बोलणं भलतंच. ज्या मुलाला मराठीच्या सरळ वाटेवर ठेच लागते, त्याला आपण घाटात सोडतो, आणि वर व्हॅनचं भाडं भरतो.

आपण अशा मुलाला ‘ढ’ म्हणतो. लिपीचे जाणकार सांगतात की अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीची अक्षरं पार बदलली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. न बदलणारा, न शिकणारा तो ‘ढ’. गंमत म्हणून ठीक आहे, पण मुलाचा मेंदू तसा नसतो. तो बदलत राहतो.

किती वयापर्यंत? ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०१७ साली आलेला एक अभ्यास आपल्यासारख्यांवरच आहे. लखनौजवळच्या खेड्यांतली तिशीच्या आसपासची, कधीही शाळेत न गेलेली माणसं निवडली. त्यात बहुतेक बायाच होत्या. त्यांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं. शिकवण्याआधी आणि नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. फरक वरवरचा नव्हता. मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या भागांचा बघण्याच्या भागाशी असलेला ताळमेळ वाढलेला दिसला. आणि आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आज्या तिथे अक्षरं गिरवू लागल्या. तेव्हा ‘आता या वयात काय शिकायचं’ हे कारण आपल्या कुठल्याच गटात चालायला नको.

गटात मात्र नीट बघा. अंगठा लावणाऱ्या सगळ्या जणी सारख्या नसतात. एकीला शाळेतच घातलं नव्हतं. एक चौथीपर्यंत गेली, पण शाळेत तिला कधी वाचता आलं नाही आणि मार मात्र भरपूर बसला. आणि एक पूर्वी चांगलं वाचायची, पण चाळिशी ओलांडल्यापासून ‘आता मला नाही जमत’ म्हणते. हिला मेंदूचं काही झालेलं नाही, हिला चाळिशीच हवी, म्हणजे चष्मा! जवळचा चष्मा लावला की ती उद्यापासून पासबुक वाचील. आधी तो खर्च करा. दुसरीसारख्या बायांचं पाठांतर बहुतेक जबरदस्त असतं. वीस जणींची बचत, कुणाचा हप्ता किती राहिला, सगळं तोंडपाठ. ‘वाचता येत नाही’ म्हणून तिला पदाधिकारी करत नाही आपण, यात नुकसान गटाचं आहे. तिला खजिनदार करा, लिहायला दुसरी द्या, आणि सहीआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा. तसा तो सगळ्यांसाठीच वाचायला हवा.

आता लक्षाचं. खाचरांना पाणी देताना आपण एकाचं तोंड उघडतो, दुसऱ्याचं बांधतो. लक्ष हेही तसंच पाणी आहे, ते एकदम सगळीकडे पुरत नाही. कुठलं तोंड उघडायचं आणि कुठलं बांधायचं, हे ठरवणारा भाग कपाळामागे असतो. काही मुलांचा हा भाग उशिरा तयार होतो. अमेरिकेत २००७ साली झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूची वाढ सरासरी तीन वर्षं मागे दिसली. वाढीची वाट तीच, पण चाल सावकाश. याला एडीएचडी म्हणतात. अशा मुलाला लक्षच नसतं असं नाही. आवडीच्या कामात ते तासन्‌तास गुंगतं. लक्ष हवं तिथे वळवणं आणि नको तिथून काढणं, हे त्याला जमत नाही. ‘जा, पाणी भर, येताना दुकानातून मीठ आण आणि आजीला निरोप दे’ असं एका दमात सांगितलं, तर ते दारातच दोन गोष्टी विसरतं. हा उद्धटपणा नव्हे. एक काम सांगा, ते झालं की दुसरं सांगा.

मुलग्यांमध्ये हे पटकन दिसतं, कारण ते बाकावरून उड्या मारतात. मुली बऱ्याचदा गप्प बसून हरवतात. त्रास देत नाहीत, म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि मग ‘हिला अभ्यासात गोडी नाही’ असा शिक्का बसतो. माझ्या मते घरी बसवलेल्या मुलींमध्ये अशा मुली बऱ्याच असाव्यात.

पण वाचता न येणारं किंवा लक्ष न देणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं किंवा एडीएचडीचं नसतं. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या पावसात कान वाहणं नेहमीचं. वर्षभर अर्धवट ऐकू येणारं मूल शब्द नीट पकडणार कसं? फळा न दिसणारं मूलही मागेच पडतं. अंगात रक्त कमी असलं तरी लक्ष टिकत नाही. घरात रोज रात्री दारूवरून भांडण असेल, तर सकाळी त्या मुलाचं लक्ष पुस्तकात कसं राहील? आणि भाषा. कातकरी वाडीवरचं मूल घरी कातकरी बोलतं, पिरंगुटला कंपनीच्या कामासाठी आलेल्या कुटुंबातलं मूल हिंदी किंवा भोजपुरी. पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. आपली मावळातली बोली बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातलं ‘आणि’ अन् घरातलं ‘आन्‌’ यांची सांगड घालावीच लागते. त्या मुलांचा मेंदू दोन भाषांचं काम करत असतो, त्याला मठ्ठ म्हणणं अन्याय आहे. त्यात सहा महिने भट्टीवर गेलं, तर शाळाही बुडते.

म्हणून क्रम असा धरा. आधी कान, डोळे, रक्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्यांच्या तपासणीच्या यादीत ऐकणं, दिसणं, शिकण्यातली अडचण आणि एडीएचडी हे सगळं आहे. पथक कधी येणार ते आशाताईंना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गरज असेल तर ते पुढे जिल्हा पातळीवर पाठवतात. आपलं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. शाळेत गुरुजींना सांगून तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची भेट मागा. वाचन-अक्षमतेचं पक्कं निदान साधारण तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या आसपास करतात. पहिलीतल्या मुलावर शिक्का मारायची घाई नको, पण पाचवी-सहावीपर्यंत वाटही बघू नका.

प्रमाणपत्राने मूल ‘अपंग’ ठरेल, लग्नाला अडचण येईल, ही भीती मी जाणून आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे, त्यात हाही आहे. महाराष्ट्रात तर १९९६ पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, लागेल तिथे लेखनिक मिळतो. तीन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटं, म्हणजे एक तास जास्त. हळू वाचणाऱ्या मुलीसाठी पास-नापासातला फरक तेवढाच असतो.

आणि स्मरणशक्तीच्या बाटल्यांसाठी गटातून कर्ज उचलू नका. ‘ब्रेन टॉनिक’ने वाचता येत नाही. एडीएचडीवर औषधं आहेत, पण ती तज्ज्ञ डॉक्टरांनीच, तपासून द्यायची असतात. डिस्लेक्सियावर औषध नाही. तिथे लागते ती रोजची थोडी, पण सारखी उजळणी. एका वेळी एक अक्षर, बोटाने परातीतल्या पिठात गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने म्हणायचं. गाण्याच्या भेंड्या खेळा, शेवटचं अक्षर पकडताना कान तयार होतो. ‘तारे जमीन पर’ सिनेमा २००७ साली आला, तो टीव्हीवर बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यातल्यासारखं काही महिन्यांत सगळं जादूने ठीक होत नाही. दोन-तीन वर्षं धरून चला.

तपासणीला जाताना मुलीच्या मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि शाळेचं पत्र बरोबर घ्या. वह्या चांगल्या निवडून नेऊ नका, चुका असलेल्याच न्या. डॉक्टरांना त्याच वाचायच्या असतात.