पडद्यामागची भीती : भाग ९ – खोली क्रमांक २३७

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात माउंट हूड या बर्फाळ डोंगराच्या उतारावर टिंबरलाइन लॉज नावाचं हॉटेल आहे. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी त्याची बाहेरची बाजू चित्रित करायचं ठरलं, तेव्हा हॉटेलवाल्यांनी एक विनंती केली. स्टीफन किंगच्या कादंबरीत झपाटलेली खोली २१७ क्रमांकाची आहे आणि आमच्याकडेही २१७ आहे. सिनेमा पाहून लोक तिथे उतरायला घाबरतील, तेव्हा आकडा तेवढा बदला. कुब्रिकने २३७ घेतला, कारण त्या क्रमांकाची खोली टिंबरलाइनमध्ये नव्हतीच. पुढे झालं उलटंच. हॉटेलवालेच सांगतात, की आज त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त मागणी २१७ला असते.

हा किस्सा बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात या सिनेमाचं मर्म दिसतं. २३७ ही खोली कुठेच नाही, आणि ती ज्या ओव्हरलुक हॉटेलात आहे ते हॉटेलही कुठे नाही. गेल्या भागात आपण 'सायको'मधलं मोटेल पाहिलं. स्टुडिओच्या आवारात उभं केलेलं असलं तरी ते एक सलग, ओळखू येणारं ठिकाण होतं. ओव्हरलुकचं तसं नाही. ते अनेक खऱ्या हॉटेलांचे तुकडे जोडून तयार झालं, आणि ते सांधे नीट जुळू नयेत याचीही काळजी घेतली गेली.

सुरुवात झाली ती कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावी. १९७४च्या ऑक्टोबरच्या अखेरीस स्टीफन किंग आणि त्याची पत्नी टॅबिथा तिथल्या स्टॅन्ली हॉटेलात एका रात्रीसाठी उतरले. १९०९ साली सुरू झालेलं हे हॉटेल तेव्हा हिवाळ्यासाठी बंद होण्याच्या बेतात होतं. पाहुणे म्हणजे हे दोघेच. रिकाम्या भोजनगृहात टेपवर वाद्यवृंद वाजतोय, बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, अशा वातावरणात ते जेवले. रात्री किंगला स्वप्न पडलं. आग विझवायचा लांबलचक पाइप त्याच्या लहानग्या मुलाच्या मागे लागला होता आणि मुलगा किंचाळत बोळांतून पळत होता. किंग दचकून उठला, सिगारेट पेटवून खिडकीशी बसला, आणि ती संपेपर्यंत कादंबरीचा सांगाडा त्याच्या डोक्यात तयार होता, असं त्यानेच सांगून ठेवलं आहे. त्यांची खोली होती २१७. कादंबरी १९७७ साली आली. नारायण धारप वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला किंग परका नाही. धारपांची 'शपथ' किंगच्या 'इट'वर बेतलेली आहे.

कुब्रिकने मात्र स्टॅन्ली हॉटेल वापरलं नाही. तो इंग्लंडमध्ये राहत होता आणि तिथून हलायला राजी नव्हता. म्हणून त्याने हॉटेलच इंग्लंडमध्ये आणायचं ठरवलं. कला-दिग्दर्शनाची जबाबदारी असलेले रॉय वॉकर अमेरिकाभर हिंडून हॉटेलांचे फोटो काढत राहिले. त्या ढिगाऱ्यातून निवड झाली, छोट्या प्रतिकृती झाल्या, त्यांवर दिवे टाकून पुन्हा फोटो काढले गेले, आणि मग लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत सुतारांनी काम हाती घेतलं.

बाहेरचं रूप टिंबरलाइनचं. हॉटेलचा नवा हिवाळी रखवालदार जॅक टॉरन्स जिथे टाइपरायटर घेऊन बसतो तो उंच खिडक्यांचा भव्य दिवाणखाना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातल्या अवाह्नी या हॉटेलावरून उचललेला. ज्या लालभडक स्वच्छतागृहात आधीचा रखवालदार ग्रेडी जॅकचे कान भरतो, ते ॲरिझोनातल्या एका हॉटेलात वॉकरना सापडलं. त्याचा आराखडा फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुरचनाकाराचा, असं कुब्रिकने मुलाखतीत सांगितलं होतं. सुरुवातीला डोंगरातून वळणं घेत जाणारी ती छोटी पिवळी गाडी दिसते, तो रस्ता तर मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या याच चित्रीकरणाचे उरलेले तुकडे पुढे रिडली स्कॉटने १९८२ साली 'ब्लेड रनर'च्या शेवटी लावले.

या जोडाजोडीत एक विलक्षण योगायोग आहे. टिंबरलाइन आणि अवाह्नी या दोन्ही इमारतींच्या रचनेत गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड या एकाच वास्तुरचनाकाराचा हात होता. दोन राज्यांतल्या दोन हॉटेलांचं आत-बाहेर पडद्यावर इतकं एकजीव का वाटतं, याचं थोडं तरी श्रेय या गृहस्थांना द्यायला हवं.

एल्स्ट्रीत उभा राहिलेला दिवाणखाना पाहताना खिडक्यांतून येणारं हिवाळी ऊन खरं वाटतं. ते सगळं दिव्यांचं. छायाचित्रकार जॉन अल्कॉट यांनी खिडक्यांबाहेर हजार हजार वॅटचे शेकडो दिवे रचले होते. आतली उष्णता असह्य होई, आणि बाहेर बर्फ पडतोय असं आपण पाहत असतो. १९७९च्या सुरुवातीला या सेटला आग लागून तो भस्मसात झाला. कुब्रिकचं चित्रीकरण आधीच वर्षभराच्या घरात गेलं होतं, आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ची मंडळी त्याच स्टुडिओत जागेसाठी ताटकळत होती.

आता सांध्यांविषयी. सुरुवातीला नोकरीच्या मुलाखतीसाठी जॅक व्यवस्थापक अलमनच्या कचेरीत येतो. त्या कचेरीच्या मागे खिडकी आहे आणि बाहेर उजेड, झाडं दिसतात. पण जॅक ज्या वाटेने आत आला ती आठवून पाहा. कचेरी इमारतीच्या पोटात आहे, तिच्यामागे बोळ आहे, तिथे खिडकी असूच शकत नाही. असे चमत्कार सिनेमाभर आहेत. कुठे दारं अशा भिंतीत आहेत की पलीकडे खोली मावणार नाही, कुठे बोळ जिथे वळायला हवा तिथे वळत नाही. पुष्कळ वर्षं प्रेक्षक याला चुका म्हणत आले. कुब्रिकचा मेहुणा आणि निर्मितीतला सहकारी यान हार्लान याने २०१२च्या सुमारास स्पष्ट सांगितलं, की सेट मुद्दामच असा रचला होता. त्या इमारतीत तो अवाढव्य बॉलरूम बसणारच नाही, आणि आपण कुठे आहोत हे प्रेक्षकाला कळू नये हाच हेतू होता.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत वाड्याचा नकाशा पक्का असतो. ओसरी, माजघर, परसातली विहीर आणि ती एक कुलूपबंद खोली. तिथे जायचं नाही एवढं कळलं की बाकीचा वाडा सुरक्षित. ओव्हरलुकमध्ये ती सोय नाही. नजर हॉटेल समजून घ्यायचा प्रयत्न करते आणि दर वेळी हिशेब चुकतो. भूत दिसण्याच्या कितीतरी आधी आपण हरवलेले असतो, फक्त ते आपल्याला कळलेलं नसतं.

या हरवण्याला वेग दिला तो स्टेडिकॅमने. चालत्या माणसाच्या अंगावर बांधूनही कॅमेरा तरंगता ठेवणारं हे यंत्र तेव्हा नवं होतं, आणि त्याचा जनक गॅरेट ब्राउन स्वतः एल्स्ट्रीत येऊन राबला. जॅकचा लहानगा मुलगा डॅनी तीनचाकी दामटत बोळांतून जातो तेव्हा कॅमेरा जमिनीपासून जेमतेम काही इंच वर, त्याच्या पाठोपाठ आहे. त्यासाठी एका खास चाकाच्या खुर्चीवर ब्राउन, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाचं सामान लादून माणसं ती ढकलत पळत. एकदा भर वेगात टायर फुटला आणि मोठा अपघात थोडक्यात टळला. त्यानंतर भरीव टायर बसवले गेले. त्या प्रसंगाचा आवाज डोळे मिटून ऐकावा. लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट, गालिच्यावर एकदम शांतता, पुन्हा खडखडाट. संगीताने जे साधलं नसतं ते या गालिच्यांनी साधलं आहे. आणि अशाच एका फेरीत डॅनी थांबतो, मान वळवतो. समोर २३७.

कादंबरीत डॅनी खोलीत शिरतो आणि आत काय आहे ते आपण त्याच्याबरोबर पाहतो. कुब्रिकने ते दाखवलंच नाही. डॅनी आत जातो एवढंच कळतं. मग तो फाटक्या स्वेटरनिशी, गळ्यावर वळ घेऊन येतो. खोलीच्या आत आपण जातो ते जॅकबरोबर, तेही पुष्कळ नंतर. मोरपिसासारख्या नक्षीचा जांभळा-हिरवा गालिचा, आत हिरवट न्हाणीघर, टबमधून उठणारी तरुण स्त्री, आणि मिठीत घेताच तिची झालेली सडलेली म्हातारी. तरुणी लिआ बेल्डमने केली, म्हातारी बिली गिब्सनने. मागे पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीची 'जेकबची जाग' ही रचना आणि हृदयाचे ठोके. खोलीत एक लख्ख, नीटनेटका उजेड आहे. कोळिष्टकं नाहीत, करकरणारं दार नाही. त्या प्रसंगानंतर जॅक बायकोला सांगतो, की आत काहीच नव्हतं. माझ्या मते सिनेमातला सर्वांत भयंकर क्षण हा आहे. बायकोशी सहजपणे खोटं बोलणारा नवरा त्या टबमधल्या प्रेतापेक्षा धोकादायक आहे, आणि बायकोची भूमिका करणाऱ्या शेली डुवालचा चेहरा ते आधीच ओळखून असतो. या भूमिकेसाठी तिला सर्वांत वाईट अभिनेत्रीच्या 'रॅझी'चं नामांकन मिळालं होतं. देणाऱ्यांनी ते मागे घेतलं तेव्हा २०२२ साल उजाडलं होतं. फार उशीर झाला.

डॅनी झालेला डॅनी लॉइड तेव्हा सहाच्या आसपास होता. हा भुताचा सिनेमा आहे हे त्याला कळू दिलं गेलं नाही. हॉटेलात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट, एवढंच त्याला माहीत होतं. बोट वाकवून त्यातून डॅनीच्या काल्पनिक मित्राचं, 'टोनी'चं बोलणं काढायची कल्पना त्या पोराची स्वतःची.

कादंबरीत हॉटेलच्या बागेतली जनावरांच्या आकारात छाटलेली झुडपं जिवंत होतात. ते पडद्यावर पटण्याजोगं करणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून कुब्रिकने झुडपांचा भूलभुलैया आणला. त्यातला बर्फ म्हणजे मीठ आणि थर्मोकोलचा चुरा. धुकं तेलाच्या धुराचं. गरम दिव्यांखाली, नाकाला मुखवटे बांधून माणसं धावत होती, आणि हातात नकाशा असूनही त्यात चुकत होती.

शेवटच्या दृश्यात भिंतीवर १९२१ सालच्या मेजवानीचा फोटो आहे आणि त्यात मधोमध जॅक हसतो आहे. कुब्रिकने आधी नटांना नटवून फोटो काढायचा विचार केला होता, पण जुन्या फोटोतल्या चेहऱ्यांची सर येईना. म्हणून खराच फोटो घेऊन त्यातल्या एका माणसाच्या जागी जॅकची भूमिका करणाऱ्या निकल्सनचा चेहरा बसवला. तो फोटो कुठला, हे पुढे चार दशकांहून अधिक काळ गूढ राहिलं. २०२५ साली उलगडा झाला. लंडनमधल्या रॉयल पॅलेस हॉटेलात १४ फेब्रुवारी १९२१ रोजी झालेल्या नृत्यसमारंभाचा तो फोटो होता, आणि ज्याच्या जागी जॅक उभा आहे तो सांतोस कासानी नावाचा नर्तक. म्हणजे ओव्हरलुकमध्ये आणखी एक खरं हॉटेल दडलेलं होतं.

२०१२ साली 'रूम २३७' नावाचा एक माहितीपट आला. त्यात कुणी म्हणतं, २३७ म्हणजे चंद्राचं हजारो मैलांतलं अंतर, आणि कुब्रिकने नासासाठी चांद्रविजयाचं खोटं चित्रीकरण केल्याची ही कबुली. चंद्राचं सरासरी अंतर जवळपास २ लाख ३९ हजार मैल आहे. अशा तर्कांनी वॉकर, अल्कॉट, ब्राउन आणि एल्स्ट्रीचे सुतार झाकले जातात, याचं मला वाईट वाटतं. मीठ, लाकूड, गालिचे आणि दिवे घेऊन या माणसांनी जे केलं ते कुठल्याही कटापेक्षा मोठं आहे.

किंगला हा सिनेमा कधीच आवडला नाही. त्याने १९९७ साली दूरदर्शन-मालिकेच्या रूपात स्वतःची आवृत्ती काढली आणि ती एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलातच चित्रित करवली, २१७ क्रमांकासकट. तरी तिथे येणारे पाहुणे विचारत राहिले, की भूलभुलैया कुठे आहे? अखेर २०१५ साली हॉटेलने अंगणात झुडपं लावून एक भूलभुलैया तयार केला.