दोष कुणाचा, आणि किती?

१९४५-४६च्या हिवाळ्यात जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स हायडेलबर्ग विद्यापीठात व्याख्यानाला उभे राहिले, तेव्हा समोरची बरीच मुलं आघाडीवरून परतलेली होती. शहरावर अमेरिकी फौजांचा ताबा. ‘म्हणजे नाझींच्या कृत्यांबद्दल आम्ही सगळेच गुन्हेगार?’ हा राग सगळीकडे धुमसत होता.

यास्पर्सना यावर बोलण्याचा अधिकार होता. त्यांची पत्नी गेरट्रूड ज्यू. त्यापायी १९३७मध्ये नाझींनी त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं, पुढे लिखाण छापू दिलं नाही. १९४५च्या एप्रिलमध्ये दोघांची छळछावणीत रवानगी व्हायची होती. मार्चअखेर अमेरिकी सैन्य पोचलं म्हणून ती दोघं वाचली.

त्या व्याख्यानांत यास्पर्सनी दोषाचे चार प्रकार पाडले. कायद्याने गुन्हा ठरतो तो पहिला; त्याचा निवाडा न्यायालयात. दुसरा राजकीय. आपल्या नावाने सरकारने जे केलं, त्याची भरपाई नागरिकाला चुकत नाही, मग त्याने हिटलरला विरोध का केलेला असेना. १९५२मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं, ते याच न्यायाने. तिसरा नैतिक, तिथे न्यायाधीश आपलंच मन. चौथा सगळ्यात अवघड: शेजाऱ्याला मारायला नेलं आणि आपण जिवंत राहिलो, याचा. यास्पर्स त्याचा निवाडा देवावर सोपवतात. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्यालाही तो चौथाच जास्त टोचतो.

अख्खं राष्ट्र गुन्हेगार असू शकत नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. पण लोकांना तेवढंच ऐकायला आवडलं असावं.

चाळीस वर्षांनी दोषाचा वाद पुन्हा पेटला. जून १९८६मध्ये इतिहासकार एर्न्स्ट नोल्टे यांनी सुचवलं, की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार हा बोल्शेविकांच्या अत्याचारांना घाबरून दिलेला प्रतिसाद असेल. पुढच्याच महिन्यात तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी ‘डी त्साइट’ साप्ताहिकातून नोल्टेंसह काही इतिहासकारांवर तोफ डागली. राष्ट्राभिमान सुखाने मिरवता यावा म्हणून भूतकाळ धुवून काढताय, असा त्यांचा आरोप. अभिमान बाळगायचाच तर राज्यघटनेचा बाळगा, वंश-रक्ताचा नको. ही कल्पना मुळात राज्यशास्त्रज्ञ डोल्फ श्टेर्नबेर्गर यांची. युद्ध संपताच हायडेलबर्गमधून यास्पर्ससोबत मासिक काढणारे ते हेच.

घटनेवर कुणी जीव टाकतं का, असं टीकाकार विचारत. प्रश्न रास्त आहे. पण हाबरमास स्वतः हिटलरच्या युवक संघटनेत वाढलेले, युद्ध संपलं तेव्हा पंधरा वर्षांचे. आंधळा जीव टाकणं त्यांनी जवळून पाहिलं होतं.