पोच घेतल्याशिवाय परतू नका
हक्काचा वर्ग : भाग ६

कॉलेजातला माझा दुसरा किंवा तिसरा दिवस असेल. कार्यालयातले लिपिक वर्गाच्या दारात आले आणि त्यांनी आवाज दिला, "फ्रीशिपवाले उभे राहा!" आम्ही नऊजण उभे राहिलो. त्यांना फॉर्म किती लागतील ते मोजायचं होतं. मोजून झाल्यावर ते निघून गेले. पण बाकीच्या वर्गाने वळून वळून आमच्याकडे पाहिलं होतं, आणि मधल्या सुट्टीत डबा कोणी कोणाबरोबर खायचा हे त्या अर्ध्या मिनिटाने ठरवून टाकलं. पुढे मी वकील झालो. या चुकीला चूक म्हणणारा नियम छापील स्वरूपात वाचला, तेव्हा पहिल्यांदा तो वर्ग आठवला.

मागच्या भागात आपण प्रवेशाविषयी बोललो. मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला देणारं कलम १५(४) १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं आणि ९३ व्या दुरुस्तीच्या कलम १५(५) ने तो खासगी संस्थांमधल्या प्रवेशापर्यंत नेला. प्रवेशाची पावती हातात पडल्यानंतरची तीन-चार वर्षं मात्र विद्यार्थ्याला वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि मेसमध्ये काढायची असतात. आजचा भाग त्या वर्षांविषयी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांमधल्या समतेसाठी नियम केले. जात, धर्म, भाषा, वंश, लिंग किंवा अपंगत्व यांवरून विद्यार्थ्याशी भेदभाव करण्यास ते मनाई करतात. हे नियम लिहिणाऱ्यांना कॉलेजचं रोजचं जगणं ठाऊक होतं, हे त्यातल्या तपशिलांवरून कळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांबाबत त्यात स्पष्ट लिहिलं आहे : वर्गात कोणाची जात किंवा राखीव प्रवर्ग जाहीर करायचा नाही. प्रयोगशाळेत आत घेऊन नुसतं बसवून ठेवायचं नाही. वाचनकक्षात वेगळी जागा नेमून द्यायची नाही. पुस्तकं देताना दुजाभाव करायचा नाही. वसतिगृहात किंवा मेसमध्ये वेगळं बसवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहू-जेवू लागली. शिकायला आलेल्या मुलाची पंगत वेगळी मांडली, तर त्याचं शिक्षणही वेगळं पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

२०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमलेला हवा. तक्रार मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत तिच्यावर निर्णय व्हायला हवा. तो मान्य नसेल, तर संस्थाप्रमुखाकडे अपील करता येतं.

मग अडतं कुठे? अंमलबजावणीत. २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी, तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जे नियम कागदावर आहेत ते कॉलेजांमध्ये प्रत्यक्ष पाळले जावेत, ही त्यांची मागणी होती. मुलं गमावलेल्या आयांना एवढ्यासाठी दिल्ली गाठावी लागते, याची शरम आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे. त्या खटल्याच्या ओघात आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम जाहीर केले. त्यांच्यावर वाद उठला, न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चे नियम चालू राहतील असं सांगितलं.

अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखायच्या आहेत. पण या कायद्याचा गाभा 'वाजवी सोय' या कल्पनेत आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचा परीक्षा क्रमांक तिसऱ्या मजल्यावर आला आणि लिफ्ट नसली, तर "नियम सगळ्यांना सारखा" हे उत्तर चालत नाही. तिचा वर्ग तळमजल्यावर आणणं ही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे. ती सोय नाकारणं हाच कायद्याने भेदभाव ठरतो. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, तीही याच न्यायाने. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली असलं तरी गरज असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही.

आता कामाची गोष्ट. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं म्हणतात, "सर, मी मॅडमना सांगितलं होतं." सांगितलेलं हवेत विरतं. तक्रार कागदावर लिहा. काय घडलं, कोणत्या तारखेला, कुठे, कोण हजर होतं, बोलणारा नेमके कोणते शब्द बोलला, आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढं पानभर पुरे. विशेषणं गाळा, शब्द जसेच्या तसे लिहा. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही तुमची पोच. साठ दिवस मोजायचे ते तिच्यावरच्या तारखेपासून. कार्यालयाने पोच नाकारली, तर तोच कागद प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रकार जातीवाचक शिवीगाळीचा किंवा मारहाणीचा असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा आणि खुला आहे. कॉलेजची चौकशी चालू आहे म्हणून तो बंद होत नाही.

शिक्षक आणि कार्यालयातल्या मंडळींनाही एक विनंती आहे. फॉर्मांची मोजणी खिडकीवर होते, यादी कपाटात राहते. वर्गात कोणालाही उभं करायची गरज पडत नाही.

या आठवड्यात एवढं करा. आपल्या कॉलेजच्या सूचनाफलकावर भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव शोधा. सापडलं नाही, तर ते लावावं असा दोन ओळींचा अर्ज प्राचार्यांना द्या. आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

(पुढील भागात : अंतर्गत तक्रार समिती कोणासाठी, कशासाठी?)