कलमं विकायची की गहाण टाकायची?

घरचा ताळेबंद : भाग ९

मागच्या भागात घरबांधणीच्या कर्जावर लिहिलं होतं. त्यावर विचारणा आली ती मात्र भलत्याच खर्चाची. "झिलाक पायलट करूचो आसा, कलमां विकूची काय?" सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाल्यापासून परुळे-वेंगुर्ल्याकडच्या मुलांना विमान अंगणातून दिसतं. तेव्हा हा प्रश्न कधीतरी येणारच होता.

माझं उत्तर आधीच सांगतो. कलमं विकू नका. गहाण टाकायची की नाही, हे ठरवायलाही अजून अवकाश आहे, कारण त्याआधीचे काही प्रश्न थोडक्या खर्चात सुटतात आणि आपण नेमके तेच शेवटी ठेवतो.

पहिला प्रश्न शरीराचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडून आधी क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी करावी लागते. डोळे, रंगांची ओळख, कान, ईसीजी, रक्त सगळं पाहतात. काम काही हजारांत होतं. मुलाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे संस्थेची फी भरल्यावर कळलं तर काय उपयोग? क्लास वन हाती येईपर्यंत कोणाला एक रुपया देऊ नका. दुसरा प्रश्न अभ्यासाचा. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल असे लेखी पेपर असतात आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. उड्डाण सुरू होण्याआधी, घरी अभ्यास करून ते देता येतात. (हवामानाचा पेपर मालवणच्या पोराला जड जाऊ नये.) ज्याचे पेपर सुटत नाहीत, त्याच्यासाठी बँकेची पायरी चढू नये.

आता मोठा आकडा. कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. जिल्ह्यात त्याची सोय नाही. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, नागपूर यांपैकी कुठेतरी राहावं लागतं. आजच्या बाजारात देशातल्या शिक्षणाचा खर्च साधारण ४५ ते ६० लाखांत जातो. त्यानंतर एअरबस किंवा एटीआरसारख्या ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग आलं, की आणखी १२ ते २५ लाख. बहुतेकांचं बजेट पहिल्या आकड्यावरच थांबतं आणि घर तिथेच अडचणीत येतं.

बँका डीजीसीए-मान्य संस्थेतल्या शिक्षणाला कर्ज देतात, पण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. बाग आहे, घर आहे, पण सातबारावर आजोबांचं नाव, खाली चार काका, दोन आत्या आणि मुंबईला गेलेल्या भावंडांची मुलं. सामाईक जमीन सगळ्यांच्या सह्यांशिवाय गहाण पडत नाही. गणपतीला सगळे एकत्र जेवतात. सहीचा विषय निघाला की परतीच्या गाडीची वेळ होते. म्हणून कागदावर लाखोंची बाग असलेल्या घरालाही बँक परत पाठवते. मग कोणीतरी घाईने स्वतःचा हिस्सा पडेल त्या भावाने विकतो. कलम लावल्यापासून भरघोस फळ धरायला किती वर्षं जातात, हे मी बागायतदाराला सांगायला नको.

मी एक नियम पाळतो. जे कमावतं, ते विकायचं नाही. होडी, बाग, न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या हे सगळं पुढे हप्ता भरणार आहे.

हप्ता किती? ४० लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षं मुदत धरली तर महिना जवळपास ४३ हजार. शिकताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. ४० लाखांवर महिन्याला ३३ हजारांच्या वर. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असंही नाही. थांबण्याच्या काळातही दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण चुकत नाही. त्यामुळे परवान्यानंतरचं निदान दीड वर्ष पगाराविना धरा. ते धरून धाकटीचं शिक्षण आणि आईबाबांच्या औषधपाण्याचे पैसे शिल्लक राहतात का, ते बघा. या दोन गोष्टी थांबत नाहीत. घराचा वरचा मजला थांबतो, मोटार थांबते. लग्नाचा मांडवही लहान घालता येतो, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

फी एकरकमी भरू नका, उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने भरा. पावसाळ्यात उड्डाण रेंगाळतं, मासेमारीही बंद असते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडच्या होड्याही. पैशाची आणि उड्डाणाची मंदी एकाच वेळी येते, हे आपल्या सोयीचंच आहे. मोठे टप्पे ऑक्टोबरनंतर ठेवा. संस्थेला एवढंच विचारा: उडती विमानं किती आणि विद्यार्थी किती? डीजीसीएने २०२५ मध्ये संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. जाहिराती मात्र त्याआधीही होत्या, आजही आहेत.

इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमिलेअर घरांनी आधी 'महाज्योती'कडे चौकशी करावी. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मोफत पायलट प्रशिक्षणाची योजना या संस्थेने राबवली आहे. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात येऊन जाते, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

सामाईक सातबारा फोडून घेण्याची, म्हणजे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या वाटणीची रीत पुढच्या भागात. तोवर तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा आणि कोणाकोणाची नावं आहेत ती एकदा मोठ्याने वाचा.