वाळूंतील तेल

भर्तृहरीनें नीतिशतकांत वाळू रगडून तेल काढण्याचा दाखला घेतला, तो मूर्खाचें मन वळविणें त्याहूनहि कठीण हें सांगण्यासाठीं. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत मात्र अथाबास्का नदीच्या कांठीं तेलानें भरलेल्या वाळूचे थरच्या थर आहेत. हें तेल डांबरासारखें घट्ट. त्यास बिट्युमेन म्हणतात. तेथील मूळचे क्री व डेने लोक तें झाडाच्या डिंकांत मिसळून होड्यांच्या फटी बुजवीत.

परंतु सारीच वाळू सारखी तेलकट नाहीं. उत्तम वाळूंत वजनानें शेंकडा १२ वा त्याहून अधिक बिट्युमेन, हलक्या वाळूंत शेंकडा ६-७, आणि कित्येक थरांत जवळजवळ नाहींच. हा भेद पुष्कळ अंशीं कणांचा आहे. भरड कणांत पोकळी अधिक, असें वाचकांस सहज वाटेल. पण एक डबा लाडवांनीं व दुसरा मोहरीनें भरला, तरी रिकाम्या जागेचें एकंदर प्रमाण दोहोंत साधारण सारखेंच भरतें. लाडवांच्या डब्यांत मोहरी ओतली, कीं मग पोकळी बुजते! अथाबास्काच्या वाळूंत ही मोहरी म्हणजे बारीक गाळ व चिकणमाती.

दुसरें कारण पाण्याचें. हें तेल त्या वाळूंत जन्मलें नाहीं, दुसरीकडून वाहत आलें. आणि वाळू तेव्हां पाण्यानें ओलीच होती. कण जितका बारीक, तितका त्याच वजनांत पृष्ठभाग अधिक व पाण्यावरची पकडहि अधिक. भरड वाळूंतील पाणी तेलानें पुढें लोटलें. मातकट वाळूंत त्यास शिरकाव मिळाला नाहीं. क्रिटेशस कालांतील नद्याखाड्यांनीं जेथें वेगानें वाहून भरड वाळू टाकली, तेथें आज तेल. जेथें पाणी संथ झालें, तेथें चिखल. कणच सर्वस्व, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तळाशीं कोठें कोठें भरड वाळूहि निव्वळ पाण्यानेंच भरलेली आढळते.

तेल काढतात तें रगडून नव्हे, ऊन पाण्यानें धुऊन. ही रीत कार्ल क्लार्क यांनीं १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केली, आणि मोठा कारखाना १९६७ सालीं उघडला. तेथेंहि माती आड येतेच. ती तेल सुटूं देत नाहीं, आणि धुवणाच्या पाण्याबरोबर तळ्यांत गेली म्हणजे अनेक वर्षें नीट खालीं बसत नाहीं. म्हणून हलक्या वाळूचें तेल दुहेरी महाग पडतें, आणि त्या किंमतीचा एक भाग कारखान्याच्या हिशेबांत येतच नाहीं, असें आमचें मत आहे. २०२३ सालीं अशा एका तळ्याच्या पाझराची बातमी फुटली, तेव्हां नदीच्या खालच्या अंगास फोर्ट चिपेवायन येथें राहणारे लोक विचारूं लागले, कीं आम्हांस हें आधीं कां कळविलें नाहीं.