मुलाखतीत उणीव विचारली तर...
केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या; खासगी नोकरीत मात्र ‘तुमची उणीव कोणती?’ हा प्रश्न चुकत नाही. ‘मी अतिपरिश्रमी आहे’ हे उत्तर मुलाखतकाराने सकाळपासून चौघांकडून ऐकलेले असते. वेर्ण्यातील औषध कारखान्यात गुणवत्ता विभागासाठी गेलेल्याने ‘नोंदी ठेवण्याचा कंटाळा येतो’ म्हणणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणेच. तेथे प्रत्येक चाचणीची नोंद तत्क्षणी करावी लागते.

मराठी माध्यमातून शिकलेल्याने इंग्रजी बोलताना होणारी अडखळ लपवू नये. ती दोन वाक्यांतच कळते. ‘बोलताना अडखळतो, पण अहवाल इंग्रजीत लिहितो, गेल्या प्रकल्पाचे सादरीकरणही मीच केले’ असे खरे उदाहरण जोडावे. ते नसेल, तर मुलाखतीपूर्वी एखाद्या सभेत चार वाक्ये इंग्रजीतून बोलून घ्यावीत.